चाळीस यंत्रं आणि आयपी दोनच : लिनक्सच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कोड तुम्ही कसा सांभाळता?

मांजराकाठ (लातूर) · शनिवार, रात्री ११.१०

मंडळी, धागा लांबणार आहे. पण दोन आठवडे ज्या गोष्टीनं झोप उडवली ती अर्धवट सांगून उपयोग नाही, म्हणून सगळं लिहितो. शेवटी एक प्रश्न आहे, त्यावर तुमचं मत हवंय.

लातुरातल्या एका क्लासच्या संगणक कक्षाचं काम माझ्याकडं आहे. मुलं तिथं जेईई आणि सीईटीच्या सराव परीक्षा देतात. चाळीस यंत्रं. उबुंटूची सर्व्हर आवृत्ती, वर हलका डेस्कटॉप, यंत्र चालू केलं की थेट ब्राउझर उघडतो. एक यंत्र नीट तयार केलं, त्याच्या डिस्कची इमेज काढली आणि बाकीच्या एकोणचाळीसांवर उतरवली. सगळे असंच करतात, मीही वर्षानुवर्षं असंच करत आलोय.

एकेक यंत्र तपासलं, सगळी चालली. पहिल्या परीक्षेला चाळीसच्या चाळीस एकदम चालू केली आणि गोंधळ सुरू झाला. एकाचं पान उघडायचं तेवढ्यात शेजारच्याचं अडकायचं. एका पोरीचा पेपर सबमिट होताना चाक फिरतच राहिलं, ती रडायला लागली. तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

ज्यांच्याकडून स्विच घेतला ते म्हणाले केबल तपासा. केबल तपासल्या. मग स्विच बदलला. मग मी दहा यंत्रांना हातानं आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिले आणि ती दहा एकदम सुरळीत चालली. त्यावरून मी ठरवून टाकलं की डीएचसीपी सर्व्हरच (यंत्रांना आपोआप आयपी वाटणारा) आजारी आहे. तो म्हणजे कोपऱ्यातला एक जुना संगणक, त्यावर डीएनएसमास्क हा आयपी वाटणारा प्रोग्राम. त्याचं इन्स्टॉलेशन नव्यानं केलं. फरक शून्य. त्यात चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी डीएनएसमास्कची लीजची, म्हणजे कुणाला कोणता आयपी किती मुदतीसाठी दिला त्याच्या नोंदींची, फाइल उघडून बसलो. हे आधीच करायला हवं होतं. त्या फाइलमध्ये दर ओळीला पाच गोष्टी असतात : मुदत कधी संपणार, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), आयपी, यंत्राचं नाव आणि शेवटी क्लायंट-आयडी (यंत्रानं सर्व्हरला सांगितलेली स्वतःची ओळख). हातानं पत्ते दिलेली दहा मी पुन्हा डीएचसीपीवर आणली होती, म्हणजे कक्षात चाळीस यंत्रं चालू होती. फाइलमध्ये ओळी होत्या दोन.

फक्त दोन. मी एक यंत्र बंद करून चालू केलं. ओळ वाढली नाही, त्याच ओळीतला मॅक तेवढा बदलला. दुसरं यंत्र चालू केलं, पुन्हा मॅक बदलला, आयपी तोच. म्हणजे सर्व्हर सगळ्यांना एकच गिऱ्हाईक समजत होता. आणि दोन्ही ओळींच्या शेवटचा क्लायंट-आयडी ताडून पाहिला तर सुरुवातीचा एफएफ सारखा, मधले चार बाइट वेगळे आणि त्यापुढचं सगळं शेपूट अक्षरन् अक्षर एक.

यंत्रं दोन खेपांत आली होती, २८ एका मदरबोर्डची आणि १२ दुसऱ्या. २८ जणांत एक आयपी, १२ जणांत एक. तिथं डोक्यात प्रकाश पडला की हे इमेजमधून आलंय. ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडीची (यंत्राच्या ओळख क्रमांकाची) फाइल चाळीसही यंत्रांवर एकच होती. नेटवर्कडी, म्हणजे यंत्रातला नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम, डीएचसीपीला स्वतःची ओळख मॅकवरून सांगत नाही, त्या मशीन-आयडीवरून सांगतो, हे मला माहीतच नव्हतं.

आता प्रश्न. ही इमेज तयार करणारी आणि नेटवर्कची मांडणी लिहिणारी शेल स्क्रिप्ट माझी स्वतःची आहे. २०१३ मध्ये इफअपडाउन या जुन्या नेटवर्क साधनाच्या जमान्यात सुरू केली, २०१८ मध्ये त्यात नेटप्लॅन (उबुंटूचं नेटवर्क मांडणीचं नवं साधन) घातलं. आज ६४० ओळी आहेत. मध्येमध्ये स्लीप १५, स्लीप ३० (म्हणजे इतके सेकंद नुसतं थांब) पेरलेले आहेत आणि त्यातले निम्मे का घातले ते मला आठवत नाही. अशी स्क्रिप्ट दुरुस्त करत राहावी की फेकून नवी लिहावी? तुम्ही काय करता?

खाम (छत्रपती संभाजीनगर) · रविवार, सकाळी ७.३५

मांजराकाठ, तपास उत्तम झालाय. लीजची फाइल ही डीएचसीपीची जन्मकुंडली आहे, कुणीही सगळ्यात आधी तीच उघडावी.

त्या क्लायंट-आयडीची फोड करून सांगतो. पहिला बाइट एफएफ, म्हणजे यापुढचा आयडी आरएफसी ४३६१ च्या पद्धतीचा आहे, २००६ ची आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज). पुढचे चार बाइट म्हणजे आयएआयडी, ही त्या इंटरफेसची ओळख. त्यापुढं डीयूआयडी, ही यंत्राची ओळख. तुमच्या फाइलमध्ये शून्य-शून्य, शून्य-दोन, शून्य-शून्य, शून्य-शून्य, एबी, ११ असा क्रम दिसेल. शून्य-दोन हा डीयूआयडीचा प्रकार आणि एबी ११ म्हणजे दशमानात ४३७९३, सिस्टमडी प्रकल्पाला (यंत्र चालू करून त्यातल्या सर्व्हिस सांभाळणारा संच, नेटवर्कडी त्यातलाच) मिळालेला नोंदणी क्रमांक. त्यानंतरचे आठ बाइट मशीन-आयडीवरून काढलेला हॅश, म्हणजे गणितानं काढलेला छोटा ठसा.

आयएआयडी इंटरफेसच्या स्थिर नावावरून काढला जातो. म्हणून एका मदरबोर्डच्या २८ यंत्रांत तो सारखा आला आणि दुसऱ्या मदरबोर्डवर कार्ड वेगळ्या जागी असल्यानं १२ जणांत वेगळा. तुमचे दोन आयपी तिथून आले.

हा बग नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. कार्ड बदललं तरी यंत्राची ओळख टिकावी हा हेतू. मशीन-आयडी प्रत्येक यंत्रावर वेगळा असला पाहिजे हे सिस्टमडीच्या मॅन पानावर (लिनक्समधल्या माहितीच्या पानावर) स्पष्ट लिहिलेलं आहे. पण पूर्वी उबुंटू आणि डेबियनवर आयएससी या संस्थेचा डीएचक्लायंट हा आयपी मागणारा प्रोग्राम असायचा, तिथं मॅकवर काम भागायचं, त्यामुळं इमेज कितीही यंत्रांवर उतरवली तरी काही बिघडत नसे. उबुंटूच्या सर्व्हरवर २०१७-१८ च्या आवृत्त्यांपासून नेटप्लॅन आणि नेटवर्कडी आले आणि आपली जुनी सवय एकदम चुकीची ठरली. आयएससीनं २०२२ मध्ये त्या जुन्या डीएचसीपी संचाची देखभालही थांबवली. त्यामुळं परत मागं जायचा रस्ता नाही, जाऊही नये.

उपाय दोन आहेत. इमेज काढायच्या आधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, शून्य बाइटची. फाइल उडवू नका, रिकामी ठेवा. रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली असली तर सिस्टमडीला तात्पुरती ओळख चढवायला ती फाइल जागेवर लागते. दुसरा उपाय म्हणजे नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर समोर मॅक लिहिणं. यानं आयपीचं भांडण मिटेल, पण चाळीस यंत्रं एकाच ओळखीची राहतील, आणि ती ओळख सिस्टमडी इतर ठिकाणीही वापरतो. मी पहिलाच उपाय करीन. दुसऱ्यानं दुखणं झाकलं जातं.

आणि हो, एसएसएचच्या (दुरून यंत्रात शिरायच्या सोयीच्या) होस्ट-की, म्हणजे यंत्राची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, तपासा. त्याही चाळीस ठिकाणी एकच असणार.

गोदातीर (नांदेड) · रविवार, सकाळी ९.०५

मांजराकाठ दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवातून देतो.

नेटवर्कचा कोड इतर कोडसारखा नसतो. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर तुम्ही घरबसल्या आत शिरून दुरुस्त करता. नेटवर्कच्या मांडणीत चूक झाली की आत शिरायची वाटच त्या चुकीनं मोडलेली असते.

किनवटकडच्या एका दूध संकलन केंद्रावर माझं एक लिनक्स यंत्र आहे, वजनकाटा आणि फॅटचं मशीन त्याला जोडलेलं. एका रात्री नांदेडहून एसएसएचनं आत जाऊन गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) बदलत होतो. शेवटचा आकडा १ हवा होता, मी ११ टाकला. नेटप्लॅन अप्लाय दाबलं आणि कर्सर जागच्या जागी थांबला. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना तो थांबलेला कर्सर माहीत आहे. पोटात गोळा येतो. पहाटेची एसटी धरली. केंद्रावर पोचलो तेव्हा तिथला मुलगा वहीवर दूध उतरवून घेत होता आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. दुरुस्ती दोन मिनिटांची. त्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं राहावं लागलं ते माझ्या एका आकड्यामुळं.

त्या दिवसापासून माझा नियम : परतीची वाट आधी, बदल नंतर. नेटप्लॅन ट्राय वापरा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं. पण ब्रिज आणि बाँडच्या (अनेक पोर्ट एकत्र जोडायच्या) खास सेटिंग ते मागं घेऊ शकत नाही, तिथं त्याच्या भरवशावर राहू नका. तशा वेळी मी जुनी फाइल बाजूला ठेवतो आणि सिस्टमडी-रनला सांगतो की ३०० सेकंदांनी ती परत जागेवर ठेवून लागू कर. मग बदल करतो. दुसरं टर्मिनल उघडून नव्यानं आत शिरता आलं तरच तो टायमर रद्द करतो. जुनं उघडं टर्मिनल चालू आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, नवं कनेक्शन जुळलं पाहिजे.

ज्यांच्याकडं नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कडीसारखाच दुसरा प्रोग्राम) आहे त्यांच्यासाठी त्यातही चेकपॉइंटची सोय आहे. कॉकपिट हे ब्राउझरमधून यंत्र सांभाळायचं साधन तीच वापरतं, बदलामुळं कनेक्शन तुटलं तर आपणहून मागं फिरतं.

तुमच्या ६४० ओळींत परतीची वाट नसेल तर नवी स्क्रिप्ट की जुनी, हा नंतरचा प्रश्न. आधी ती घाला.

काळी माती (परभणी) · रविवार, दुपारी १२.२०

सकाळपासून हा धागा वाचायलो. माझं मत वेगळं आहे.

फेकून देऊ नका. ६४० ओळींतली दर विचित्र ओळ म्हणजे कोणत्या तरी रात्रीचं दुखणं असतं. नव्यानं लिहाल तेव्हा कोड सुंदर दिसेल आणि तीच दुखणी एकेक करून परत येतील. जुनी ओळ काढायची असेल तर ती का घातली ते आधी शोधा. गिटमध्ये (कोडमधले बदल जपणाऱ्या साधनात) ठेवली असेल तर गिट ब्लेमनं त्या ओळीची तारीख निघेल, तारखेवरून गाव आठवेल, गावावरून भानगड आठवेल.

पण ते स्लीप मात्र काढायलाच पाहिजेत. याचं माझ्याकडचं उदाहरण सांगतो.

आमच्या शेतकरी गटाचा एक पर्जन्यमापक आहे, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेला, शेजारी फोर-जी राउटर. पावसाची नोंद तासातासाला सर्व्हरवर जाते. वीज गेली आणि आली की पाय अर्ध्या मिनिटात उठतो. राउटरला टॉवर सापडायला वेळ लागतो, आणि पावसाच्या रात्री तर विचारूच नका. मी आधी स्लीप २० घातला. चाललं. पहिल्या वादळात मोडलं. मग ४०. मग ९०. दर वेळी वाटायचं झालं आता. नेमका ज्या रात्री धो धो पाऊस झाला त्या रात्रीची नोंद नाही, कोरड्या दिवसांची सगळी आहे! पीक विम्याच्या वेळी माणसं मला विचारायली की त्या तारखेचा पाऊस दाखव, आणि माझ्याकडं दाखवायला काही नाही. मान खाली गेली.

मग समजलं की आकडा चुकत नव्हता, माझा विचार चुकत होता. नेटवर्क एकदा येऊन थांबतं असं काही नसतं. ते येतं, जातं, पुन्हा येतं. म्हणून पाठवणाऱ्या प्रोग्राममध्येच बदल केला. नोंद आधी डिस्कवर लिहायची, मग पाठवायचा प्रयत्न, नाही जमलं तर पुढच्या वेळी मागच्यासकट पाठवायची. सर्व्हिस पडली तर सिस्टमडी ३० सेकंदांनी उठवेल अशी सोय केली. स्लीप एकही ठेवला नाही.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. माझ्या पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज आल्यावर तो मागची जतन केलेली वेळ धरून चालायला लागतो आणि नेटवर्क आलं की मग वेळ जुळवतो. तोवरच्या नोंदींवर चुकीची वेळ बसते. म्हणून वेळ जुळली का ते बघूनच आता नोंदीवर शिक्का मारतो.

खाम · रविवार, दुपारी १.०५

काळी माती काकांच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. त्याला जोडून एक.

पुष्कळ जण सर्व्हिसच्या फाइलमध्ये नेटवर्क टार्गेटनंतर चालू हो असं लिहितात आणि त्यांना वाटतं की आता नेटवर्क नक्की असणार. नेटवर्क टार्गेटचा अर्थ तेवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम चालू झालाय. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट थोडं पुढं जातं, इंटरफेसला पत्ता मिळेपर्यंत थांबतं. पण तिथंही इंटरनेट आहे याची हमी नाही. राउटरनं आयपी दिला आणि राउटरलाच टॉवर नाही, तरी सिस्टमडीच्या दृष्टीनं यंत्र ऑनलाइन.

यातूनच दुसरी प्रसिद्ध तक्रार येते. यंत्र चालू होताना दोन मिनिटं अडकून बसतं. यंत्राला दोन पोर्ट असतात, केबल एकालाच, आणि वेट-ऑनलाइन दुसऱ्याची १२० सेकंद वाट बघत राहतं. लोक रागानं ती सर्व्हिसच मास्क (पूर्ण बंद) करून टाकतात, मग तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं अवेळी चालू होतं. नेटप्लॅनमध्ये त्या रिकाम्या पोर्टसमोर ऑप्शनल : ट्रू लिहिलं की मिटतं. एक ओळ.

बिंदुसरा (बीड) · रविवार, सायंकाळी ६.४५

आमच्याकडच्या उन्हाळी विजांचा विषय या धाग्यात यायलाच हवा.

मागच्या मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस आला, जवळ वीज पडली आणि एका जिनिंगमधल्या यंत्राचं मदरबोर्डवरचं नेटवर्क पोर्ट जळालं. बाकी यंत्र ठणठणीत. मी पीसीआयचं कार्ड बसवलं आणि वाटलं झालं काम. इंटरफेसचं नाव ईएनपी२एस० होतं ते ईएनपी३एस० झालं. मांडणीच्या फाइलमध्ये जुनं नाव. वजनकाट्याचं यंत्र मुकं झालं.

२०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत ही नवी नावं आली. त्याआधी ईटीएच०, ईटीएच१ असायची आणि दोन कार्डं असली की कधी कोणतं शून्य होईल सांगता येत नसे. नव्या नावांनी तो घोळ मिटला, हे मी मान्य करतो. पण नाव कार्डाच्या जागेवरून ठरतं. कार्ड आत सरकवलं, जागांचे क्रमांक पुढं सरकले की नाव बदलतं.

मग नाव लिहावं की मॅक लिहावा? मॅक लिहिला तर कार्ड जळाल्यावर फाइल बदलावीच लागते. ईएन आणि पुढं तारा (*) लिहून सगळी इथरनेट कार्डं एकाच नियमात घेतली तर कार्ड बदललं तरी चालतं, पण उद्या कुणी यूएसबीचं दुसरं पोर्ट जोडलं की तेही त्याच नियमात येतं. माझं ठरलेलं असं : एकच पोर्ट असलेल्या यंत्राला तारा, दोन पोर्ट असलेल्याला मॅक आणि यंत्राच्या डब्यावर आतून चिकटवलेला कागद, त्यावर कोणता मॅक कशासाठी ते मार्करनं लिहिलेलं. पुढच्या माणसाला रात्री बॅटरी लावून वाचता आलं पाहिजे.

तेरणा (धाराशिव) · रविवार, रात्री ८.३०

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांचं वाचून काही तरी करून बघावंसं वाटतंय. माझ्याकडं एकच लॅपटॉप आहे, आठ जीबी रॅम. असल्या प्रकल्पांमध्ये पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवायचा असेल तर सुरुवात कुठून करायची? सी भाषा येते, पण एवढा मोठा कोड बघून छाती दडपते. आणि इंग्रजीत चुका झाल्या तर तिथले लोक काय म्हणतील याचीही भीती वाटते.

खाम · रविवार, रात्री ९.५०

तेरणा, आठ जीबी पुरेशी आहे.

आधी बग स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवायला शिका. पॅच त्यानंतर. मांजराकाठांचाच बग घ्या. एक लहान व्हर्च्युअल मशीन बनवा, त्याचा क्लोन करा, दोन्हींचा मॅक वेगळा ठेवा, मशीन-आयडी तसाच राहू द्या. तिसऱ्या मशीनवर डीएनएसमास्क. टीसीपीडंप या नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या साधनानं डीएचसीपीच्या ६७ आणि ६८ पोर्टवर कान लावा आणि पर्याय क्रमांक ६१ मध्ये, म्हणजे क्लायंट-आयडीत, काय जातंय ते डोळ्यांनी बघा. एकदा ते एबी ११ स्वतःच्या पडद्यावर दिसलं की नेटवर्कडीमधला तो कोड वाचताना छाती दडपणार नाही. काय शोधायचंय ते ठाऊक असेल.

आयपी कमांडशी खेळायचं असेल तर तेवढंही लागत नाही. नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातली वेगवेगळी नेटवर्कं) बनवा, त्यांच्यात व्हेथची (आभासी केबलची) जोडी टाका, एकाच लॅपटॉपमध्ये चार घरांचं गाव उभं राहतं आणि मोडलं तर तुमचं खरं नेटवर्क सुखरूप राहतं.

पाठवायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. सिस्टमडी आणि नेटप्लॅन गिटहबवर, पुल रिक्वेस्टनं. नेटवर्कमॅनेजर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर. आयपी आणि एसएस या कमांड ज्यात येतात तो आयपीरूट२ मात्र अजून जुन्या वळणाचा, पॅच ईमेलनं नेटडेव्ह यादीवर पाठवायचा. तिथं दुरुस्ती असेल तर फिक्सेस अशी ओळ लिहून ज्या कमिटनं (गिटमध्ये नोंदलेल्या बदलानं) बग आला त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं द्यावी लागतात. ते कमिट शोधायला गिट बायसेक्ट शिका. मधल्या आवृत्तीवर बग आहे का बघायचं, असेल तर मागच्या निम्म्यात जायचं, नसेल तर पुढच्या निम्म्यात. हजार कमिटमधून दहाएक पावलांत नेमकं कमिट हाती येतं.

इंग्रजीचं म्हणाल तर मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलो. माझ्या पहिल्या पॅचला तीन वेळा सुधारणा सुचवल्या गेल्या, तिन्ही कोडबद्दल होत्या. सांभाळणाऱ्या माणसाला हवं असतं ते एवढंच : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कोणती. नेटवर्कडी असेल तर लॉगची पातळी डीबगवर नेऊन मिळालेला जर्नल (सिस्टमडीचा लॉग) आणि नेटवर्कसीटीएल स्टेटसचं उत्तर जोडा. नेटवर्कमॅनेजर असेल तर पातळी ट्रेसवर न्या. फक्त त्यातले वाय-फायचे पासवर्ड आणि सार्वजनिक पत्ते काढून टाकायला विसरू नका.

काळी माती · रविवार, रात्री १०.१५

पोरी, मॅन पानापासून सुरुवात कर. एखादी ओळ वाचून समजली नाही तर तुझं चुकलं असं लगेच समजू नकोस, ती ओळच धड लिहिलेली नसेल. ती सुधारून पाठव. नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये निम्मी दुखणी न समजलेल्या एका वाक्यामुळं असतात. मांजराकाठांचे चार दिवस पण तसेच गेले ना?

गोदातीर · सोमवार, सकाळी ८.००

काकांशी सहमत. फेकून देऊ नका याच्याशीही आता सहमत, पण एक अट आहे. दर ओळीवर कारण लिहा. काय केलं ते कोड वाचून कळतं. का केलं ते कळत नाही.

मांजराकाठ · पुढचा रविवार, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं.

आज कक्षाला सुट्टी होती. सकाळी दहाला गेलो. इमेजमध्ये मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, नवी इमेज पाच यंत्रांवर उतरवली, पाचही एकदम चालू केली. लीजची फाइल उघडली. ओळ एक. पाच यंत्रं, एक ओळ, आणि शेपूट तेच जुनं. हात-पाय गळाले.

एका यंत्रावर बसून बघितलं तर ईटीसीमधली फाइल रिकामी नव्हतीच, तीत जुनाच आयडी परत आलेला. मी रिकामी केली होती हे नक्की. मग हा आला कुठून? तासभर शोधल्यावर सापडलं. व्हार-लिब-डीबस फोल्डरमध्ये (डीबस म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) मशीन-आयडी नावाचीच दुसरी फाइल असते. बऱ्याच ठिकाणी ती ईटीसीतल्या फाइलकडं बोट दाखवणारी सिमलिंक असते. माझ्या इमेजमध्ये ती खरीखुरी वेगळी फाइल होती, माझ्याच स्क्रिप्टच्या एका जुन्या कॉपी कमांडनं सिमलिंकच्या जागी मजकूर उतरवून ठेवला होता. सिस्टमडीला ईटीसीतली फाइल रिकामी दिसली की तो डीबसकडं आधीचा आयडी आहे का बघतो आणि असेल तर तोच उचलतो. नियमानं बरोबरच करत होता.

ती फाइल काढून सिमलिंक केली. पुन्हा इमेज, पुन्हा पाच यंत्रं. पाच ओळी. मग दुपारभर बाकीची पस्तीस. चार वाजता फाइलमध्ये चाळीस ओळी होत्या. मी त्या बोटानं मोजल्या, नंतर कमांडनंही मोजल्या.

एक सूचना, कुणी करणार असेल तर. ओळख बदलली की जर्नल नव्या फोल्डरमध्ये लिहायला लागतो, जुने लॉग गायब झाल्यासारखे दिसतात. ते असतात जागेवरच, जर्नलसीटीएलला त्या फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो. आणि खाम, एसएसएचच्या की खरंच चाळीस ठिकाणी एक होत्या. त्याही नव्यानं केल्या.

स्क्रिप्ट ठेवली आहे. स्लीप अकरा होते, नऊ काढले. उरलेल्या दोनांचं कारण अजून सापडलं नाही म्हणून त्यांच्यावर तसं लिहून ठेवलं. इफअपडाउनचा भाग काढणार होतो, पण तीन ठिकाणी अजून जुनी यंत्रं आहेत, म्हणून राहू दिला आणि ती तीन गावं त्या ओळींवर लिहिली. गोदातीर म्हणतात तशी परतीची वाट घातली, ३०० सेकंदांची. आणि इमेज काढायच्या ठिकाणी एक तपासणी : ईटीसीतली फाइल शून्य बाइटची नसेल किंवा डीबसमधली सिमलिंक नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबते. कमिटच्या संदेशात हा सगळा प्रकार मराठीतच लिहिलाय, बावीस ओळी झाल्या.

उद्या सकाळी परीक्षा आहे. ती पोरगी तीन नंबरच्या यंत्रावर बसते, ते मी दोनदा तपासलं.

तेरणा · पुढचा रविवार, रात्री ११.२५

दादा, वाचून खूप बरं वाटलं. मी तीन व्हर्च्युअल मशीन केल्या आणि मला एबी ११ दिसलं! त्यापुढचे आठ बाइट दोन्ही क्लोनमध्ये सारखे होते. मशीन-आयडी रिकामा करून चालू केल्यावर वेगळे झाले. ती डीबसची फाइल माझ्याकडं सिमलिंक होती, आता मुद्दाम खरी फाइल करून तुमचा दुसरा बगही घडवून बघते. तुमची स्क्रिप्ट वाचायला मिळेल का?

मांजराकाठ · पुढचा रविवार, रात्री ११.४०

नक्की. पासवर्ड आणि गावांचे पत्ते काढून उद्या टाकतो. ते दोन स्लीप ३१८ आणि ४०५ व्या ओळीवर आहेत, तिथून बघायला सुरुवात कर.